कॉफी पी, उम्म तौफीक

कफर शम्रा, ९ जून १९९६

अस्साफ, माझ्या पाठच्या भावा,

फोन करून बघितला. तुझी माणसं उचलतात, "बेकसाहेब बैठकीत आहेत" म्हणतात आणि माझं नाव विचारतात. मी मुंतहा म्हणते, तर विचारतात, कोण मुंतहा? आता त्यांना काय सांगू? तीन मुलींनंतर चौथीही मुलगीच झाली, म्हणून बाबांनी जिचं नाव "बस्स, आता पुरे" असं ठेवलं, ती मुंतहा. आणि तरी तिच्या पाठीवर जो झाला, तो तुमचा बेकसाहेब. म्हणून पत्र लिहितेय. हबीबची टॅक्सी रोज बैरूतला येते, तो तुझ्या दारावर देईल. तुझ्या त्या मिलादच्या हाती देणार नाही. सेक्रेटरी झाला म्हणून त्यानं बहिणीची पत्रं वाचायलाच हवीत असं नाही.

मी बरी आहे, गुडघे सोडले तर. गावाच्या वळणावर तुझी नवी कमान उभी राहिली, ती बघून आले. तुझा नाका होता, वाळूची पोती रचलेली असत, अगदी त्याच जागी. वर तुझा फोटो, खाली "डोंगराचा आधार". तिथून जाताना पूर्वी लोक मान खाली घालायचे, आता वर करून बघतात, एवढाच फरक. फोटो छान आला आहे. टाय कोण बांधून देतं रे तुला? बुटाची नाडी तर मिसरूड फुटेपर्यंत माझ्याकडून बांधून घेत होतास.

पत्राला कारण दोन आहेत. पहिलं म्हणजे पाणी. झरा मे महिन्यातच आटला. सरकारी पंपाला वीज नाही, आणि वीज येते तेव्हा पंपवाला नसतो. मागच्या ऑलिव्हच्या मळ्यात आजोबांनी खडकात खोदलेलं टाकं आहे. त्यावर तू लढाईच्या दिवसांत काँक्रीटचं झाकण टाकून घेतलंस. उंदीर मेलेत, पाणी नासलं, कोणी प्यायलं तर मरेल, म्हणालास. ठीक आहे, तेव्हा मी विचारलं नाही. पण आता तिथे उंदीर असले तरी त्यांची माती झाली असेल. पावसाआधी दोन माणसं पाठव, झाकण फोडू दे, टाकं धुऊन चुना लावून घेऊ. पुढच्या उन्हाळ्याला मग कोणाच्या तोंडाकडे बघायला नको.

दुसरं कारण जुनंच आहे. उम्म तौफीक रोज येते. माझ्या ओट्यावर बसते आणि तेच विचारते: "अस्साफनं काही कळवलं का गं?" तिच्या तौफीकला तुझ्या माणसांनी शाळेच्या फाटकातून जीपमध्ये घातलं त्याला अकरा वर्षं झाली. ती अजून काळे कपडे घालत नाही. पाद्रीबाबांना प्रार्थना म्हणू देत नाही. नव्या कायद्यानं हरवलेल्या माणसाला मेलेला ठरवता येतं म्हणून तालुक्याचा माणूस तिच्याकडे सही घ्यायला आला होता. तिनं त्याला झाडू घेऊन हाकललं. त्या कायद्याला हात वर करणाऱ्यांत तू होतास, हे तिला माहीत आहे. म्हणते, "त्याला करावं लागलं असेल. मला त्यानं शब्द दिलाय."

ती आता थकली आहे, अस्साफ. तौफीक कुठे आहे एवढं तिला सांग. जसा असेल तसा. तिला तिचा मुलगा मिळाल्याशिवाय मरायचं नाही, आणि मरण काही थांबणार नाही.

तुझी बहीण,
मुंतहा


कफर शम्रा, २६ जून

अस्साफ,

टँकर आला. एवढा मोठा, की गल्लीत शिरताना चर्चच्या भिंतीचा कोपरा घेऊन गेला. त्याच्यावरही तुझा फोटो आहे. गावानं टाळ्या वाजवल्या. मिलाद स्वतः आला होता, खिशात कंगवा आणि हातात मिठाईचा डबा. दर आठवड्याला येईल म्हणाला.

मी पाणी मागितलं नव्हतं. टाकं उघडायला दोन माणसं मागितली होती.

हे मी मिलादला म्हटलं, तर तो म्हणाला, "सित्त मुंतहा, साहेबांनी खास सांगितलंय, टाक्याला हात लावायचा नाही. कडा कच्च्या आहेत. तुम्हाला काही झालं तर साहेब आम्हाला जिवंत ठेवणार नाहीत." खडकाच्या कडा कच्च्या कशा असतात, ते मी त्याला विचारलं. तो हसला. तुझी माणसं हल्ली छान हसतात. पूर्वी हसत नसत.

मग मी आपल्या रशीद गवंड्याला बोलावलं. त्यानं झाकणावर हातोडी ठोकून बघितली, म्हणाला, काँक्रीट जाड आहे, पण दोन दिवसांचं काम, सोमवारी येतो. सोमवारी आला नाही. मंगळवारी मी त्याच्या घरी गेले. त्याची बायको दारातच म्हणाली, त्याची पाठ धरली आहे. आणि तो मागे अंगणात विटा उचलत होता, मला दिसत होता. मी तशीच परत आले. त्याला तरी काय बोलणार?

एवढ्याशा टाक्यासाठी तू गवंड्यापर्यंत निरोप पाठवलास, याचं नवल वाटतंय.

तुला ते टाकं कधीच आवडलं नाही, हे मला आठवतं. दरवर्षी पावसाच्या तोंडावर ते साफ करायचं असे. बाबा कमरेला दोर बांधून बारक्या अंगाच्या पोराला आत सोडत, आत गाळ खरवडायचा आणि बादलीत भरून द्यायचा. घरचा मुलगा म्हणून मान तुझा. तू अर्ध्यावर गेलास की रडायचास, हात थरथरायचे, आणि बाबा वरून ओरडायचे, "कमांडर, गप्प उतर." कमांडर हे नाव तुला आधी बाबांनी दिलं, चिडवायला. मग तौफीक म्हणायचा, "काका, याला वर घ्या, मी जातो." तो शेजारचा, तुझ्याच वर्गातला. तो आत जाऊन मोठ्यानं पाढे म्हणायचा, म्हणजे वर तुला कळावं की खाली काही नाही, भिण्यासारखं काही नाही. आणि वर दोर तू धरायचास.

हे सहज आठवलं म्हणून लिहिलं.

उम्म तौफीकनं टँकरचं पाणी प्यायलं. म्हणाली, "बघ, विसरला नाहीये तो आपल्याला."

मुंतहा


कफर शम्रा, १४ जुलै

अस्साफ,

तुझं उत्तर नाही. नवा फ्रिज मात्र आला. वीज नसलेल्या घरात फ्रिज चांगला असतो, त्यात मी कांदे ठेवते.

आज मी तुला एक गोष्ट आठवून देणार आहे. तू मोठा माणूस झालास, रोज शंभर जण तुझ्याकडे काही ना काही मागायला येत असतील, तेव्हा आपल्या घरची रीत विसरला असशील. बाबा म्हणायचे, मागणं घेऊन आलेल्या माणसानं कॉफी न पिता पेला जमिनीवर ठेवला, की घरच्या कर्त्यानं विचारायचं, काय हवंय. द्यायचं नसेल तर तोंडावर नाही म्हणावं, त्यात लाज नाही. पण एकदा "कॉफी पी" म्हटलं, की दिलं. मग घर विकावं लागलं तरी दिलं.

या घरात उम्म तौफीकनं दोनदा पेला ठेवला.

पहिल्यांदा आली ती माझ्यासाठी. तू तेव्हा दारात उभा होतास, खांद्यावर शिकारीची बंदूक, कारण गावाची राखण करायला चार पोरं जमवली होतीस आणि स्वतःला फार समजत होतास. मी आत पडद्याआड. कॉफी मीच केली होती. ओतताना अर्धी बशीत सांडली. तिनं पेला ठेवला. बाबांनी विचारलं, काय हवंय. ती म्हणाली, "माझ्या तौफीकला तुमची मुंतहा." बाबा हसले आणि म्हणाले, "कॉफी पी, उम्म तौफीक." पडद्याआड मी खाली फरशीवरच बसले. माझ्या आयुष्यात त्यानंतर तितकं चांगलं कधी काही झालं नाही. हे मी तुला आजवर कधी सांगितलं नव्हतं. तूही कधी विचारलं नाहीस.

मग तोफेचा गोळा पडून बाबा गेले. वर्षाचा दुखवटा. मग रस्ते बंद. मग तू घरचा कर्ता झालास आणि म्हणालास, लढाई संपू दे, मग लग्न. चार पोरांची चाळीस झाली, शिकारीच्या बंदुकीच्या जागी मशीनगन आली, वळणावर नाका आला. ट्रक थांबवून तू कर घेऊ लागलास, त्यातून गावाला पीठ वाटलंस. लोक तुला दुवा देत होते, मी खोटं कशाला बोलू? मीही देत होते. तौफीक शाळेत शिकवत होता. वरच्या वर्गातली मुलं तू दलात मागितलीस आणि तो शाळेच्या पायरीवर आडवा उभा राहिला, इतकंच त्यानं केलं. त्याचा पक्ष वेगळा होता, हे नंतर लोकांनी लावलं. तू म्हणालास, विचारपूस करून सोडतो.

दुसऱ्यांदा ती आली तेव्हा सगळं गाव तिच्या मागे आलं होतं. पाद्रीबाबा, सरपंच, म्हातारे, सगळे डोक्यावर टोप्या नीट करून. तू बाबांच्या खुर्चीत बसला होतास. कॉफी याही वेळी मीच आणली. तिनं पेला तुझ्या पायाशी फरशीवर ठेवला. तू विचारलंस, काय हवंय. ती म्हणाली, "माझा मुलगा." इतकंच. तू खूप वेळ पेल्याकडे बघत राहिलास. सगळं गाव तुझ्याकडे बघत होतं. आणि मग तू म्हणालास, "कॉफी पी, उम्म तौफीक."

ती एका घोटात प्यायली. रडत तुझा हात चुंबला. मी स्वयंपाकघरात जाऊन रिकाम्या पेल्याचं चुंबन घेतलं, वेड्यासारखं. मला वाटलं, आज नाही तर उद्या येईल.

त्या दिवसावरच ती अकरा वर्षं जगते आहे. लोक तिला समजावतात, तौफीक नाही आता. ती म्हणते, त्यानं मला प्यायला सांगितलं. मेलेल्या माणसासाठी कोणी प्यायला सांगतं का? आपल्या डोंगरात असं कधी झालंय का? आणि खरंच, कधी झालेलं नाही.

मला फक्त एवढं सांग: तू तिला पी म्हणालास, तेव्हा तो जिवंत होता का?

त्या दिवशी मंडळी यायची म्हणून सकाळी मी मागच्या पायऱ्या घासत होते. त्यांवर सिमेंट सांडून वाळलं होतं, काही केल्या निघेना. बायका मला म्हणाल्या, राहू दे, लढाई चालू आहे, पायऱ्या कोण बघतो. तेव्हा कुणाला घर डागडुजी करायला मूठभर सिमेंट मिळत नव्हतं, आणि तू टाक्यासाठी गाडीभर आणलं होतंस.

म्हणजे टाकं आधी बुजलं. मंडळी नंतर आली.

आज इथंच थांबते. हात दुखतोय.

मुंतहा


कफर शम्रा, २८ जुलै

अस्साफ,

तू लिहिणार नाहीस, हे मला कळलं आहे. लिहिलेलं राहतं, आणि तुझी निवडणूक आहे. म्हणून तुला न लिहिता उत्तर देता येईल असं करते.

तौफीक आपल्या टाक्यात नसेल, तर माणसं पाठव आणि ते उघड. मी चुकीचं बोलले म्हणून सगळ्या गावासमोर तुझे पाय धरीन. आणि असेल, तर काही करू नकोस. नेहमीसारखा टँकर येऊ दे.

मी टँकरच्या दिवसापर्यंत वाट बघते.

मुंतहा


कफर शम्रा, २ ऑगस्ट

टँकर आला.


कफर शम्रा, २५ ऑगस्ट

अस्साफ,

निवडून आलास, अभिनंदन. फटाक्यांनी दोन कोंबड्या मेल्या. उम्म तौफीकनं तुलाच मत दिलं. मी तिला धरून शाळेत नेलं, त्याच फाटकातून. बाहेर येऊन म्हणाली, "त्याची खुर्ची गेली तर मला दिलेला शब्द कोण पाळणार?" मी कोणाला मत दिलं विचारू नकोस. दुसरा उमेदवारही कुठल्या तरी नाक्यावरचाच.

मधल्या दिवसांत मी काय केलं ते तुला सांगते. उगीच तुझ्या माणसांकडून कळायला नको.

पोलीस चौकीवर गेले. साहेबाच्या खुर्चीमागे तुझा आणि त्याचा हात मिळवतानाचा फोटो लावलेला आहे. मी पाण्याच्या टंचाईची तक्रार नोंदवून परत आले. पाद्रीबाबांकडे गेले. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, लढाईतल्या सगळ्याला कायद्यानं माफी झाली आहे, मुली, आता उकरून काय होणार? मी म्हटलं, मी गुन्ह्याचं बोलत नाही, टाक्याचं बोलतेय. ते खिडकीतून तुझ्या खर्चानं चाललेलं घंटाघराचं काम बघत राहिले. शेजारच्या गावातून एक गवंडी आणला, त्याला कमानीपाशीच कोणीतरी चहा पाजून परत पाठवलं. दुसरं काय करायचं असतं, मला माहीत नाही. तुला माहीत असेल, तू कायदे करतोस.

मग मी तिला सांगितलं. दुसरं कोणी सांगणार नव्हतं.

दुपारी तिला ऑलिव्हच्या मळ्यात नेलं. ती टाक्याच्या झाकणावर दम खायला बसली. मी म्हटलं, उम्म तौफीक, तू जिथे बसलीस, तिथंच आहे तो. तिला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. सिमेंटचं, टँकरचं, सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडेल, माती डोक्यात घालेल. ती तळहातानं झाकण चाचपत राहिली.

मग म्हणाली, "पण त्यानं मला प्यायला का सांगितलं?"

मी म्हटलं, "सगळे बघत होते म्हणून."

"नाही म्हणायचं होतं. मी उठून गेले असते."

मग तिनं विचारलं, "आत तेव्हा पाणी होतं का गं?"

"नाही. उन्हाळा होता. कोरडं होतं."

"बरं झालं," ती म्हणाली. "त्याला गारठा सोसत नसे."

अस्साफ, हे मी तुला शिक्षा म्हणून लिहीत नाही. मला हे एकटीला वागवत नाही म्हणून लिहितेय.

आता ती रोज येते, ओट्यावर बसत नाही, सरळ मळ्यात जाते. तिच्याकडे नवऱ्याची हातोडी आहे, अक्रोड फोडायची. ती झाकणावर ठोकत बसते. ठक, ठक, जेवणाच्या वेळेपर्यंत. काँक्रीटवर पांढरा ओरखडासुद्धा उमटत नाही. मी तिला थांबवत नाही. कधी कधी मीही तिच्याजवळ बसून ठोकते. आम्हा दोघींच्यात मिळून एका गवंड्याच्या मनगटाएवढा जोर नाही. परवा टँकरवाला पाइप जोडता जोडता विचारत होता, या म्हाताऱ्या काय करतात? मी म्हटलं, अक्रोड फोडतो.

तिनं काळे कपडे शिवायला टाकलेत.

मुंतहा


कफर शम्रा, ६ ऑक्टोबर

अस्साफ,

परवा तू आला होतास तेव्हा सगळ्यांसमोर बोलता आलं नाही, म्हणून हे शेवटचं लिहिते.

उम्म तौफीक झोपेत गेली नाही, चांगली शुद्धीवर गेली. पाद्रीबाबा शेवटचं तेल लावायला आले, तेव्हा खोलीत सरपंच होता, बायका होत्या, त्या सगळ्यांसमोर म्हणाली, मला कबरस्तानात नेऊ नका. मुंतहाच्या मळ्यात, टाक्याला लागून, डोकं टाक्याकडे करून ठेवा. त्यांना वाटलं बरळते आहे. पण मरणाऱ्याचं मागणं मोडायचं कसं? आणि मळ्याचा तो तुकडा बाबांनी माझ्या नावावर केला होता. मी दिला.

तू येशील असं वाटलं नव्हतं. काळा कोट, मागे गाड्या, कॅमेरेवाले. कॅमेऱ्यांसाठीच आलास म्हणे, गावातल्या गरीब म्हातारीच्या अंत्यविधीला खासदार. चर्चमध्ये पहिल्या रांगेत उभा राहिलास, डोळेही पुसलेस, आणि ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. तिनं तुला लहानपणी किती वेळा जेवू घातलंय. मग शवपेटी खांद्यावर घेऊन लोक कबरस्तानाकडे वळायच्या ऐवजी आपल्या गल्लीत वळले, तेव्हा तू मिलादकडे बघितलंस. मिलादला काय माहीत असणार! मळ्यात टाक्याशेजारी खणलेला खड्डा दिसला आणि तुझे पाय थांबले. तुझ्यामागचे तुझ्यावर आपटले. तू माझ्याकडे बघितलंस. मग तुला कळलं की मला कळलं आहे, तिलाही कळलं होतं, आणि माझी पत्रं तू वाचलीस की नाही याला आता अर्थ राहिला नाही.

तिला मागे कोणी नाही, म्हणून दुःखाला भेटायला माणसं आपल्याच घरी बसली. मागच्या अकरा वर्षांत एवढी माणसं या खोलीत जमली नव्हती. तुला सगळ्यांनी बाबांची खुर्ची दिली. पण घर तिचं दुःख धरून बसलं होतं, आणि धरणारी मी होते, म्हणजे त्या दिवशी घरची कर्ती मी. कडू कॉफी मीच फिरवत होते. तुला पेला दिला. अशा वेळी माणूस एक घोट घेतो, "देव तिला शांती देवो" म्हणतो आणि उठतो.

तू पेला खाली ठेवलास. फरशीवर, माझ्या पायाशी.

सरपंचानं आपला पेला अर्ध्यावरच धरून ठेवला. एवढ्या मोठ्या माणसाला या म्हातारीकडे काय मागायचं असेल, असं सगळ्यांच्या तोंडावर होतं. रीत आहे, मला विचारावंच लागलं. मी विचारलं, "काय हवंय, अस्साफ?"

तू हळूच म्हणालास, "तुला ठाऊक आहे, मुंतहा."

ठाऊक होतं. तुला माझं तोंड हवं होतं, बंद. मळ्याच्या बाजूची खिडकी उघडी होती, नव्या मातीचा ढीग दिसत होता आणि त्याला लागून झाकण. सगळं गाव बसलं होतं. मला फक्त नाही म्हणायचं होतं, आणि का नाही, ते चार शब्दांत सांगायचं होतं. असा दिवस पुन्हा येणार नाही, हेही मला तेव्हाच कळत होतं.

आणि मी तुझ्या हाताकडे बघितलं. गुडघ्यावर ठेवलेला तुझा हात थरथरत होता. दोराला लटकून अर्ध्यावर रडायचास तेव्हा थरथरायचा तसाच. वय झालं, टाय आला, आणि हात तोच.

मला तुझी दया आली की तुझी भीती वाटली, हे मी देवासमोरही सांगू शकणार नाही. खोलीतले निम्मे लोक तुझ्या पगारावर आहेत. उरलेल्यांची मुलं तू लावून दिलेल्या नोकऱ्यांत आहेत. मी बोलले असते तर म्हणाले असते, बिचारी, तौफीकसाठी बसून राहिली, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. आणि उद्या मी कोणाच्या दारात जाणार होते? मला दुसरा भाऊ नाही. हे सगळं मनात आलं की नंतर मी रचलं, तेही सांगता येत नाही. तोंडातून निघालं ते एवढंच, "कॉफी पी, अस्साफ."

तू एका घोटात प्यायलास. उठलास, माझ्या कपाळाचं चुंबन घेतलंस. तुझ्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. दारातून जाताना तू मिलादशी कशावरून तरी हसलासही.

तेव्हापासून मी विचार करतेय. या खोलीत, त्याच फरशीवर, एका बाईला तू "कॉफी पी" म्हणाला होतास. ते खोटं होतं, हे या जगात तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. तरी मी तेच शब्द म्हटले आणि तू लगेच विश्वास ठेवलास. तिच्यासारखाच. घोटभर कॉफीवर निर्धास्त होऊन गाडीत बसलास.

माझं खरं असेल, असं तुला का वाटलं, अस्साफ?

मलाच अजून माहीत नाही.

तुझी बहीण,
मुंतहा

ता. क. हबीब पत्र घ्यायला थांबला आहे, आणि त्याच्या मागे तुझा टँकर उभा आहे. दोन्ही घागरी भरून घेते. काय करू, तहान लागते रे.